काठोकाठ पाणी

भूकंपानंतर अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उशाशी काठोकाठ भरलेला तांब्या ठेवायची सवय लावून घेतली. पाणी हाललं की अंगणात पळायचं. जेवताना, बोलताना नजर त्या तांब्यावरच. मला त्याचा लई वैताग यायचा.

लातूरच्या क्लासला दिवाळीची चार दिवस सुट्टी मिळाली, तेव्हा मी त्यांना ओढतच किनवटच्या डोंगरात नेलं. पायथ्याशी लाकडं वेचणारी एक बाई हसली. "आता काय बघाया आलाव? लोक पावसात येतेत, धबधब्याला."

वर सागाच्या रानात तळं होतं. माणूस नाही, वारा नाही. एवढं पाणी, आणि आख्खं आभाळ त्यात एक सुरकुतीही न पडता उतरलेलं.

अप्पा काठावर उकिडवे बसले आणि घरी तांब्याकडं बघायचे तसे बघत राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "हालतच न्हाई रे." मग टोपी तोंडावर घेऊन तिथंच गाढ झोपले.

पाण्यावर टप्पे खात जाईल म्हणून मी एक चपटा दगड उचलला होता. तो आवाज न करता खाली ठेवला, आणि त्यांच्या जागी पाण्याकडं बघत बसलो.