नानीचा अंगठा

पीएचडीच्या त्या वर्षांत माझी जीभ लई चालायची. अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस ॲक्शननंतर गावातच राहिलेल्या बायकांच्या आठवणी मी गोळा करत होते, आणि विद्यापीठाच्या नैतिकता समितीचा संमतीचा फॉर्म म्हणजे मला निव्वळ कटकट वाटायची. आपल्याच आया-मावश्यांशी बोलायला कागद कशाला? मुकुंदवाडीहून दौलताबादला जाताना मी मनातल्या मनात त्या समितीचा उद्धार करायची.

नानी तिथं लेकाच्या घरी राहायची. ऐंशीच्या पुढची, सगळी गल्ली तिला नानीच म्हणायची. तीन दिवस ती रेकॉर्डरसमोर बोलली, पोटातलं सगळं बोलली. शेवटी मी फॉर्म तिच्या बोलीत वाचून दाखवला. ‘राजीखुशी से’ म्हटलं आणि तिनं हात पदराखाली ओढला.

“ये राजीखुशी अब्बा के कागद में बी थी. चार जने सर पे खड़े थे. अंगूठा लगाए अब्बा, खेत गया. बातां लेके जा बेटी, अंगूठा नक्को.”

मी समजावलं, चिडलेसुद्धा. ती हलली नाही.

सोमवारी समिती भरलेले फॉर्म तपासणार होती. अंगठ्याशिवाय नानीची मुलाखत बाद, आणि माझा सगळा प्रबंध तिच्यावरच उभा. रविवारी दुपारी मी शाईचं पॅड उघडलं आणि माझाच अंगठा उठवला. कुणाला कळतंय, म्हटलं.

कुणालाच कळलं नाही. उलट समितीवाले “चोख काम” म्हणाले. समितीतल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका सहज बोलून गेल्या, “अंगठा नको असेल त्यांची तोंडी संमती रेकॉर्ड केली तरी चालते हं. शेवटच्या पानावर आहे.” ते पान मी कधी उलटलंच नव्हतं. लोकांना फॉर्म वाचून दाखवणारी शहाणी मी! लाजेनं मेल्यासारखं झालं.

आठ दिवस घास गोड लागेना. शेवटी दौलताबाद गाठलं आणि नानीला सगळं सांगून टाकलं. वाटलं, चिडेल, मग रेकॉर्डरवर हो म्हणेल, नि निस्तरेल सगळं.

ती चिडली नाही. माझा अंगठा हातात धरून बघत राहिली.

“अब्बा को कम से कम पूछे थे,” ती म्हणाली. “मेरी बातां वापस दे.”

तिच्यासमोर बसून मी तिन्ही दिवसांचं रेकॉर्डिंग पुसलं.

“सब गया?”

“हां नानी, सगळं गेलं.”

तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि मशीन तपासायला लेकाला हाक मारली.