ओवाळणीतली किडनी
निरांजनातल्या तुपाचा वास आला की बेळगावची ती सोनोग्राफीची खोली आठवते. आक्काच्या दोन्ही किडन्या गेलत्या. मी सातवीत शाळा सोडलेला, पण माणसाला दोन असतात एवढं ठाऊक होतं, म्हणून भाऊबीजेला बोललो, "यंदा ओवाळणीत माझी एक घे." पोटावर गार जेल फिरवता फिरवता डॉक्टर थांबले. "तुम्हाला डावी किडनी जन्मापासूनच नाही. वीर्याच्या पिशवीत पाण्याची गाठ आहे, तीही जन्माचीच." आक्काला आता काय सांगू? बाहेर बाकावर तिनं ऐकलं, म्हणाली, "ओवाळणी बुडवलास व्हय रं!" आणि माझा हात धरून रडली. पुढं दाजींची किडनी जुळली. आता मी गुजरातेत कामाला आहे, आणि दुपारी तिचाच फोन येतो, "पाणी प्यालास न्हवं? एकच हाय तुला."