डब्याचं डिपॉझिट

गमरेकाकांकडे ड्रमसेटची ऑर्डर द्यायला कोणीही गेलं, की ते आधी त्याच्या हाताकडे बघायचे आणि विचारायचे, "डबा आणला?" गिऱ्हाईक गोंधळून जायचं. आपल्याला जेवायला बोलावलं होतं की काय, असा त्याचा चेहरा व्हायचा. मग काका त्याला स्टुलावर बसवून शांतपणे सांगायचे, "सेट तुमच्या हाताचा पायजे ना? मग आजपर्यंत घरात जे काय बडवलंत ते घेऊन या. डबा, परात, पिंप, काय पण चालेल. पत्र्याचं पायजे. तेच आमचं डिपॉझिट."

रबाळ्याच्या एमआयडीसीत, रबरी वॉशरचा कारखाना आणि लोणच्याचं पॅकिंग यांच्या मधे त्यांचा गाळा होता. मूळचे फिटर. कंपनी बंद पडली तेव्हा हाती आलेल्या पैशातून त्यांनी हा उद्योग काढला, तयार सेट विकायचा नाही, ज्याचा त्याला मापाने बनवून द्यायचा. सुरुवातीला सरळ ॲडव्हान्स घ्यायचे. मग एका हौशी माणसाने अकरा ड्रमचा सेट सांगितला, अर्धे पैसे दिले आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही. तो सेट कोणालाच बसेना. काकांनी शेवटी त्यातल्या एका ड्रमवर टीव्ही ठेवला आणि दुसऱ्यात कांदेबटाटे. तेव्हापासून सामान आणायला लागतील तेवढेच पैसे घ्यायचे, आणि त्याला डिपॉझिट म्हणायचे नाहीत. "पैशाचं डिपॉझिट माणूस विसरतो," ते म्हणायचे, "डबा घरातली बाई विसरू देत नाय."

पण खरी गंमत पुढेच होती. काका त्या डब्यावरून सेट बनवायचे. डब्याला खडूची पूड चोळायची, पोचे उठून दिसले की सुतळीने एका पोच्यापासून दुसऱ्यापर्यंत माप घ्यायचं, आणि त्यावरून ठरवायचं, कुठला ड्रम किती उंच, झांज किती लांब, पायाचा पेडल किती जवळ. गिऱ्हाईकाच्या अंगाला टेप म्हणून लावायचे नाहीत. मी एकदा म्हणालो, काका, माणूस समोर उभा आहे, त्यालाच मोजा की. तर म्हणाले, "अंग शर्टाला मोजतात. तुमी काय शर्ट शिवायला आलात?" भिंतीवर खिळ्यांना पंधरावीस डबे आणि पराती, प्रत्येकाला मालकाच्या नावाची चिठ्ठी. नवीन माणसाला ते भांड्यांचं दुकानच वाटे.

मी तेव्हा तुर्भ्याला एका मसाल्याच्या कंपनीत स्टोअर सांभाळायचो, राहायला कोपरखैरणे. कॉलनीच्या चौदा एप्रिलच्या जयंतीच्या कार्यक्रमात यंदा आपण ड्रम वाजवणार, तेही स्वतःच्या सेटवर, असं मी कमिटीला, ऑफिसात आणि सासुरवाडीला सांगून बसलो होतो. पत्रिकेत नाव छापून आलं होतं. 'ड्रम' आणि पुढे माझं पूर्ण नाव, ठळक अक्षरात. आता माघार म्हणजे कॉलनीत तोंड दाखवायला जागा नाही. आणि गोम अशी की मी घरात आयुष्यात कधी काही बडवलंच नव्हतं. मोबाईलवर बघून उशीवर थोडा सराव केला होता, पण उशीला पोचा कुठून पडणार?

म्हणून मी आईचा तांदळाचा डबा उचलला. त्याला मात्र पोचेच पोचे होते. आमच्या खिडकीत कबुतरं येतात. आईचा आणि त्यांचा अकरा वर्षांचा दावा. सकाळ-संध्याकाळ ती खिडकीशी उभी राहून लाटण्याने तो डबा असा बडवते की समोरच्या इमारतीतली कबुतरंही उडून जातात. तिला सांगितलं, डबा सरळ करून आणतो. काकांना सांगितलं, हा माझा, लहानपणापासून वाजवतोय.

काकांनी पूड चोळली आणि बघतच राहिले. बराच वेळ बोटं फिरवली. मग माझ्याकडे अशा आदराने पाहिलं, की तसं माझ्याकडे माझ्या सासऱ्यांनीही कधी पाहिलेलं नाही. "काय राग हाय हो तुमच्या हातात," ते म्हणाले, "पण एक पोचा तालाबाहेर नाय." मी नम्रपणे मान खाली घातली. आता आठवलं की लाज वाटते, पण तेव्हा मला ते खरंच वाटायला लागलं होतं.

सेट तयार व्हायला दीड महिना लागला. तेवढ्यात घरी कबुतरांनी मैदान मारलं. डबा नाही म्हटल्यावर ती खिडकीतल्या कुंडीत घरटं करून बसली आणि दोन अंडी घातली. अंडी असताना त्यांना हाकलणं आईला पटेना, आणि ती बसलेली बघवेनात. रोज संध्याकाळी मी दारात पाऊल टाकलं की डबा कुठाय. शेवटी जयंतीला नऊ दिवस असताना सेट घ्यायला निघालो, तर ती चप्पल घालून तयार. डबा स्वतःच्या हाताने घेणार म्हणाली.

गाळ्यात सेट मांडलेला होता. लालभडक, चकाकणारा. मी मोठ्या ऐटीत बसलो आणि माझे गुडघे थेट मधल्या ड्रमवर आदळले. मी पावणेसहा फूट. पेडल शोधायला पाय पोटाशी घ्यावे लागले. झांज इतकी खाली की ती वाजवायला मला कुबड काढावं लागलं. काका नुसते माझ्याकडे, मग सुतळीकडे, मग पुन्हा माझ्याकडे बघत होते. तीस वर्षांत त्यांचं माप चुकलं नव्हतं.

आईला या सगळ्याशी देणंघेणं नव्हतं. तिने भिंतीवरचा डबा काढला आणि ओरडली, अरे, हा सरळ कुठे केलाय, पोचे तर जसेच्या तसे! मग दमून मी सोडलेल्या स्टुलावर टेकली. चार फूट दहा इंच. पाय बरोबर पेडलवर. हातात लाटणं नव्हतं, म्हणून तिने काठ्या उचलल्या आणि चिडून एक फटका दिला. मग दुसरा. सगळं तिच्या हाताशी, जणू स्वयंपाकघरातला ओटाच.

काकांचा चेहरा उजळला. माप चुकलं नव्हतं.

"ताई, हा डबा तुमचा?"

"मग काय तुमचा?" आई म्हणाली.

मी काकांच्या हातापाया पडलो, पत्रिका दाखवली, ठळक अक्षरांवर बोट ठेवलं. ते एवढंच म्हणाले की ज्याचं डिपॉझिट त्याचा सेट, गाळ्याचा नियम आहे. मला वाटलं आई तरी माझी बाजू घेईल. तिने सेटला एक फेरी मारली, झांजेवरची धूळ पदराने पुसली आणि मला जयंतीच्या दिवसासाठी टेम्पो बघायला सांगितलं.

नऊ दिवस आई दुपारची जेवणं उरकून बसने रबाळ्याला जायची. काकांनी तिला एकच ठेका शिकवला, एका गाण्यापुरता. जयंतीला बाकीची गाणी ढोलकीवर झाली आणि त्या एका गाण्याला आई बसली. लोकांनी ते गाणं तीनदा घ्यायला लावलं. मी स्टेजवर होतोच. तिच्या फटक्यांनी मोठा ड्रम पुढे सरकत होता, म्हणून तो धरून मी ओणवा बसलो होतो. फोटोत आई छान आली आहे. माझी पाठ आली आहे, आणि ज्यांना ती ओळखू आली ते अजून चिडवतात.

पण माझी खुमखुमी गेली नव्हती. महिन्याभराने पुन्हा गेलो, माझा ऑफिसचा स्टीलचा डबा घेऊन. आदल्या रविवारी गच्चीवर बसून मी त्याला हातोडीने पोचे पाडले होते, चांगले मोजून, सारख्या अंतरावर. काकांनी पूडसुद्धा चोळली नाही. डबा आणि बरोबर दिलेले पैसे, दोन्ही माझ्या हातात परत ठेवले.

"हे वाजवलेलं नाय, मारलेलं हाय," ते म्हणाले. "तुमाला ड्रम वाजवायचाच नाय. तुमाला स्टेजवर जायचंय. त्यात काय वाईट नाय, पण त्याला सेट कशाला पायजे? तुमी माईक धरा. खोटंसुद्धा किती छान बोलता."

मी वर्षभर त्यांच्याशी बोललो नाही. एवढा राग येण्यासारखं ते काय बोलले होते, हे मला कोणाला सांगताही येत नव्हतं. पुढच्या जयंतीला निवेदन करणारा आजारी पडला आणि कमिटीने माईक माझ्या हातात दिला. त्या दिवशी लोक हसले, टाळ्या पडल्या, आणि घरी येताना मला कळलं की आपल्याला इतके दिवस नेमकं हेच हवं होतं. दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन गाळ्यावर गेलो. काकांनी एक खाल्ला, बाकीचे आईला पाठवले.

गेल्या वर्षी काका गेले. झोपेतच. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाचं निवेदन घरच्यांनी मलाच सांगितलं. सेटसाठी डबा दिलेले सगळे आले होते. बोलायचं ते मी लिहून नेलं होतं, चांगलं दोन पानं, अलंकारिक. माईक हातात घेतला, समोर काकांचा फोटो, आणि त्यातलं एक वाक्य तोंडातून निघेना. सगळंच बनवलेलं वाटायला लागलं. शेवटी कागद खिशात घातला आणि म्हणालो, "काकांनी मला सेट बनवून दिला नाही. डिपॉझिट परत केलं."

मग मागच्या रांगेतून एक टक्कल पडलेले गृहस्थ उठले. "माझं पण," म्हणाले, "मला म्हणाले, तुमी ऐकता फार छान." ते बसतात तोवर एक बाई उठल्या. मग कोपऱ्यातला एक तरुण. चौघंपाचजण निघालो आम्ही. लोक हसायला लागले, काकांच्या मुलीलाही हसू आवरेना. मला मात्र रडू आलं, आणि मी माईक पुढच्या माणसाकडे दिला.