सुऱ्याची मूठ

लग्न होऊन मी जामनेरहून धुळ्याकडच्या खेड्यात आले तेव्हा महायुद्ध चालू होतं. लोखंडी जिन्नस बाजारात सहज मिळत नसे, म्हणून घरातला मूठ चिरलेला सुरा चिंधी गुंडाळून वापरात होता. मला त्याचा पहिल्यापासून धाक वाटे. कापताना पातं आत हलल्याचं तळव्याला कळायचं. पण नव्या सुनेनं तक्रार कशी करायची?

पितरांचा दिवस होता. भाऊबंद जेवायला येणार, म्हणून मी डांगर, म्हणजे लाल भोपळा, चिरायला बसले. साल टणक, सुरा अर्ध्यावर अडकला. दोन्ही हातांनी हिसका दिला तसा तो सुटला, हात डोक्यावरून मागे गेले आणि पातं मुठीतून निसटून उडालं.

मागे जावेची लहानगी पोर बसली होती. मान वळवायची माझी हिंमत होईना. शेवटी वळले तर पातं तिच्या कानाजवळून जाऊन मातीच्या भिंतीत रुतलं होतं, आणि ती त्याच्याकडे बघून हसत होती. जावेनं तिला उचललं, केसांतून, कानामागून हात फिरवून पाहिला आणि तिला घेऊन बाहेर गेली. रिकामी मूठ माझ्या हातात तशीच होती. सासूबाईंनी माझं एकेक बोट उलगडून ती काढून घेतली.

त्यानंतर मी विळीलाही शिवेना. पोर चुलीपाशी आली की मी उठून दुसरीकडे जाई. जाऊ माझ्याशी बोलत नव्हती. भाकरी तेवढ्या मी थापायची, चिरायचं काम तिनं आपल्याकडे घेतलं होतं.

सासूबाईंना घरात सगळे अक्का म्हणत. एका दुपारी त्यांनी मोडक्या कुदळीच्या दांड्याचा बाभळीचा तुकडा काढला, तापल्या सळईनं त्याला भोक पाडलं आणि मला तो धरायला सांगितलं. भोकात भरायला लाख हवी होती. जाऊ आत गेली आणि तिनं आपल्या फुटक्या लाखेच्या बांगड्या आणून अक्कांच्या पुढ्यात ठेवल्या. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.

बांगड्या कुटून भोकात भरल्या. पात्याच्या धारेला ओलं फडकं गुंडाळून अक्कांनी त्याचं शेपूट, म्हणजे मुठीत बसणारं टोक, निखाऱ्यात लाल केलं. आता ते मी धरलेल्या लाकडात दाबायचं होतं. मी लाकूड धरायची आणि पुन्हा खाली ठेवायची.

अक्का थांबल्या. म्हणाल्या, "माले बी भ्याव वाटस. पन सुरा घरमा लागसच ना. धर."

मी डोळे मिटून धरलं. चर्रकन आवाज झाला, लाखेचा वास सुटला, चटका बोटापर्यंत आला, पण सोडलं नाही. लाख थंड झाल्यावर अक्कांनी मुठीला जवसाचं तेल चोळलं आणि बजावलं, सुरा पाण्यात भिजत ठेवायचा नाही, धुतला की लगेच पुसायचा, हाती घेण्याआधी मूठ ओढून पाहायची.

संध्याकाळी वांगी चिरायची होती. सुरा माझ्यापुढे होता आणि मी नुसती बसून होते. जाऊ दारात उभी राहिली.

"पोरले बाहेर लई जास मी," ती म्हणाली. "मंग तू चीर."

इतक्या दिवसांत ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलली. त्या दोघी अंगणापलीकडे जाईपर्यंत मी थांबले. मूठ ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली, आणि वांग्याचं देठ कापलं.