यंदा शिबिराची घंटा वाजणार नाही

चोवीस खाटा, जेवणाची चार लांब बाकं आणि रुळाच्या तुकड्याची घंटा. निगडीच्या माळावरच्या आपल्या शिबिरासाठी हे सगळं मी स्वतःच्या लाकडातून, स्वतःच्या हातांनी केलं, कुणाकडे न शिकता. घंटा तेवढी लोखंडाची. एकही खाट डुगडुगत नाही.

चर्चमध्ये मंडळीच्या फळ्यावर हे मुद्दाम लावतोय. सकाळी उपासनेनंतर पाळकसाहेबांनी सांगितलं, देवीच्या रोगाची साथ आहे, यंदा मुलांचं शिबिर बंद. निर्णय बरोबरच आहे.

पण पहिली घंटा शिबिरातल्या सर्वांत मोठ्या मुलानं वाजवायची, ही आपली रीत. यंदा पाळी माझ्या रूथची होती. पुढल्या वर्षी ती वयात बसणार नाही.

दुपारी मी आणि रूथ शिबिराच्या जागेला कुलूप लावायला गेलो. म्हटलं, "एकदा वाजव."

"कुणासाठी, पप्पा?" म्हणाली, आणि घंटेला गोणपाट गुंडाळलं.

तेवढ्यात एक ठेकेदार आला. "मिस्त्री, खाटांना वाळवी लागेल. माझ्या कामगारांना द्या की राव."

"पुढल्या वर्षी पोरं झोपतील कशावर?"

"तेव्हा नव्या करा. हात तुमचेच आहेत ना?"

रूथ माझ्याकडे बघत होती. तुम्ही काय केलं असतं, सांगा.

मी नाही म्हणालो. खाटेला पन्नास, असे रोख बाराशे देत होता.