तापातला शर्ट

मुदतीच्या तापातून उठलो तेव्हा माझे पाय लटपटायचे आणि येणारा-जाणारा मला सल्ले देऊन जायचा. त्या सल्ल्यांचा मला वीट आला होता. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव. माझा मित्र भुसावळला रेल्वेत शिकाऊ कामगार होता. तो नवरात्रात सुटीवर आला आणि म्हणाला, "चल, धबधब्यापर्यंत पाय मोकळे करून येऊ." वाट सोपी, बैलगाडी जाईल अशी. आई मला उंबऱ्याबाहेर सोडत नव्हती, पण यावेळी लगेच हो म्हणाली. तिचं त्यात एक काम होतं.

तापात अंगावर असलेला शर्ट त्या पाण्यापाशी झुडपावर टाकून यायचा, अशी आमच्याकडची रीत. दुखणं तिथेच राहतं. दुसऱ्या कोणी तो शर्ट घातला तर ते त्याच्या मागे लागतं. आईने निळ्या चौकड्यांचा तो लांब बाह्यांचा शर्ट धुऊन पिशवीत दिला. "टाकीसन चालू पड. मांगे देखू नको," तिने बजावलं. मित्र हसला. त्याला आमच्या घरात हसायची मुभा होती. ताप डोक्यात गेला तेव्हा मला सायकलवर मागे बसवून, धोतराने स्वतःच्या कमरेला बांधून त्यानेच दवाखान्यात नेलं होतं. आई त्याला आपला दुसरा मुलगाच म्हणायची.

केळीचे बाग संपले, सागाचं रान लागलं. पाण्याचा आवाज वाढत गेला आणि वळणावर मी थबकलो. कुंडाभोवती माणसं उभी होती. हलत होती, पण कुणी बोलत नव्हतं. चार पावलं पुढे गेल्यावर कळलं, ते कपडे होते. शर्ट, परकर, बंड्या, एक इवलासा फ्रॉक. कुणी कुणी तर बटणंही नीट लावली होती. पाण्याच्या वाऱ्याने रिकाम्या बाह्या वर व्हायच्या आणि खाली पडायच्या. इतकी माणसं बरी झाली, असं मनात यायला हवं होतं. मला वाटलं, इतकी दुखणी इथे अंग शोधत उभी आहेत. मला सरळ भीती वाटली.

मित्र मात्र कपडे काढून धबधब्याखाली शिरलाही होता. मी शर्ट करवंदीच्या जाळीवर टाकला, "मी पुढे होतो" असं ओरडलो आणि पाठ फिरवून चालू लागलो.

थोड्या वेळाने मागे पावलं वाजली. मी हाक मारली. उत्तर नाही. पावलं माझ्याच चालीने येत होती; मी थांबलो की थांबत होती. मागे बघायचं नव्हतं, म्हणून मी घामाघूम होऊन तसाच चालत राहिलो. मग कुणीतरी बाजूने मला ओलांडून पुढे गेलं, आणि माझ्यासमोर माझाच शर्ट चालू लागला. तापापूर्वी माझी पाठ होती तशी भरलेली पाठ, त्याच निळ्या चौकड्या.

"मन्हा शर्ट पानीम्हा वाही गया," मित्र वळून हसत म्हणाला. "माले थंडी वाजी राहिनी. तुन्हा ताप माले काय करी?"

मी त्याला काढ म्हणालो, रागावलो, शेवटी हात जोडले. तो माझी टर उडवत राहिला. घर येईपर्यंत मी त्याच्या मागून चाललो, आणि तो शिंकला की मी पुन्हा शर्ट काढ म्हणायचो.

आई दारातच उभी होती. तिने शर्ट पाहिला, मग त्याचा चेहरा. ओरडली नाही.

"काढ भाऊ, वल्ला शे तो."

खुंटीवरचा वडिलांचा सदरा तिने त्याला दिला, गरम भाकरी वाढली, जाताना त्याच्यावरून मीठ-मिरच्या उतरवल्या. तो निघून गेल्यावर मी म्हणालो, शर्ट चुलीत घाल, नाहीतर मी उद्या परत टाकून येतो.

"आते टाकता येत नही," ती म्हणाली. "कोन्हा तरी आंगवरच फाटाले पाहिजे."

दोघांपैकी कुणाच्या, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. रात्रभर मी मित्राचा विचार करत होतो आणि, खरं सांगायचं तर, स्वतःचाही.

पुढच्या आठवड्यात कापूस वेचणी सुरू झाली. आमच्याकडे बाया वेचणीला जाताना लुगड्यावरून घरातल्या पुरुषाचा जुना शर्ट घालतात. मी बांधावर जाऊन बसलो. पांढऱ्या फुटलेल्या शेतात बायांची रांग वाकून पुढे सरकत होती, आणि रांगेच्या टोकाला निळ्या चौकड्या दिसल्या. आई होती.

मी धावत गेलो. तिने मान वर केली नाही.

"हातले बोंडं टोचतस," एवढंच म्हणाली आणि बाही मनगटापर्यंत ओढून घेतली.

तो शर्ट फाटायला दोन हंगाम लागले. तोवर मी रोज संध्याकाळी काहीतरी निमित्त काढून तिच्या कपाळाला हात लावत असे, आणि ती दर वेळी माझा हात झटकून टाकत असे.