जावईबापूंचं दिग्दर्शन

आधी चहा घ्या, संपवा, कप खाली ठेवा, मग सांगतो. मागे एकदा हा किस्सा ऐकताना आमच्या बँकेतल्या एकाच्या नाकातून चहा आला होता, तेव्हापासून मी ही काळजी घेतो. आणि घाबरू नका, शेवट गोड आहे. गोड झाला म्हणून तर सांगतोय! नाहीतर हे तोंड घेऊन मी सासरवाडीला परत गेलो असतो का?

तर झालं काय, मी नागपूरला नाट्यदिग्दर्शनाचं शिबिर केलं. चांगलं आठवडाभराचं! जाताना आदिलाबादच्या बँकेतला साधा कॅशियर होतो, येताना दिग्दर्शक झालो होतो. घरी आलो, रेखाने दार उघडलं. रेखा म्हणजे आमची बायको. मी उंबऱ्यावरच उभा.

"आत या ना, काऊन थांबले?"

"एन्ट्री आहे," मी म्हणालो. "घाई करायची नसते."

तिने दार लावून घेतलं.

आता रेखाचं माहेर तलमडुगूकडचं. कापूस-ज्वारीचं गाव. वेचणी आटोपली की तिथे मारुतीच्या देवळापुढे दरवर्षी नाटक होतं. माझ्या शिबिराची बातमी तिकडे पोचली (मीच पोचवली, दुसरं कोण पोचवणार?) आणि गावाने निरोप धाडला, "जवाईबापू, यंदा तुमीच बसवा नाटक." निरोप पुरता ऐकायच्या आत मी हो म्हणून टाकलं.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. आमच्याकडे जावई हा एका घराचा नसतो, अख्ख्या गावाचा असतो. त्याला कोणी नाही म्हणत नाही. मी खुर्ची सरकवायला गेलो की चौघे धावत यायचे. मी म्हणायचो, "पाटील डावीकडून येईल." सगळे म्हणायचे, "बरोबर हाय, जवाईबापू!" मी म्हणायचो, "नको, उजवीकडूनच बरा." पुन्हा सगळे, "बरोबर हाय!" सांगा बरं, जगात कुठल्या दिग्दर्शकाला असे नट मिळाले असतील? कोणी चूक दाखवत नाही म्हणजे आपली चूक होतच नाही, असं मी धरून चाललो.

नाटकाची गोष्ट सोपी होती. पाटलाचा मुलगा दुसऱ्याच्या चोरीच्या आरोपात तुरुंगात जातो. सुटून घरी येतो. आई विचारते, "इतके दिवस कोठं होता रे?" मग पाटलाचा संताप, आईचं रडणं, आणि शेवटच्या अंकात खरा चोर येऊन कबुली देतो. पाटील झाले होते रेखाचे काका, नामदेवकाका. आईचं काम अंगणवाडीच्या सुमनबाईंकडे. आणि मुलगा कोण? तर आमचा मेहुणा गजानन.

गावाची जुनी पद्धत अशी की वरून एक माइक लटकायचा आणि सगळी पात्रं त्याच्याखाली गर्दी करायची. मरणारा माणूससुद्धा माइकपर्यंत चालत यायचा, वाक्य बोलायचा आणि परत जागेवर जाऊन मरायचा! मी ते बंद केलं. वर नियम घातले. "नाटक कशासाठीही थांबवायचं नाही. कुत्रं आलं तर ते पाटलाचं कुत्रं. लाइट गेली तर गोष्टीत रात्र झाली. जो कोणी समोर येईल, त्याला नाटकात ओढून घ्या. विंगेतून कोणी ओरडलं तरी तिकडे बघायचं नाही. आणि पडदा पडणार तो फक्त माझ्या शिट्टीवर!"

शिट्टी मी गळ्यातच अडकवली होती.

शिवाय विराम! शिबिरातल्या सरांचं विरामावर फार प्रेम होतं. ते म्हणायचे, शब्दांपेक्षा शांतता बोलते. मी गजाननला सांगितलं, "आईने विचारल्यावर लगेच तोंड उघडायचं नाही. गप्प उभं राहायचं."

"किती वेळ, भाऊजी?"

"असं कर, इथून आदिलाबादपर्यंत बस जिथे जिथे थांबते, ते सगळे थांबे मनात म्हण. आदिलाबाद आलं की बोल."

तालमीत पोरगा काय सुरेख गप्प बसला! मी टाळ्या वाजवल्या. गावानेही वाजवल्या. माझ्या मागोमाग वाजवल्या, हे मला नंतर कळलं.

आणि ऐन नाटकाच्या दिवशी दुपारी सासरे मला बाजूला घेऊन गेले.

"जवाईबापू, एक गोष्ट सांगायची राह्यली. गजाननाले पाहाले भैंशाचे पाहुणे येऊन राह्यले आज."

भैंसा म्हणजे आदिलाबादच्याही पुढचं गाव. शेती करणाऱ्या मुलाला हल्ली मुली मिळत नाहीत, हे तुम्हाला मी काय सांगू? आधीच्या दोन सोयरिकी अशाच मोडल्या होत्या. पहिल्यांदा सासूबाई रडल्या होत्या, दुसऱ्यांदा गजानन जेवला नव्हता. ही भैंशाची मुलगी त्याने एका लग्नात पाहिलेली, आणि तेव्हापासून स्वारी हवेत! मुलीचे वडील तिथल्या कापसाच्या जिनिंगमध्ये मॅनेजर. माणूस चौकस. त्यांना मुलगा चारचौघांत कसा वागतो ते बघायचं होतं, म्हणून ते मुद्दाम नाटकालाच येणार होते.

रेखाने मला शेवटचं बजावलं. "माह्या भावाचं जमू द्या. तुमी फक्त विंगेत उभे राहा. काहीच करू नका."

काहीच करू नका! यापेक्षा सोपं काम माणसाला असतं का हो?

दिवेलागणीला नाटक सुरू झालं. पहिल्या रांगेत मधोमध भैंशाचे पाहुणे, शेजारी सासरे, पलीकडे सासूबाई आणि रेखा. मी विंगेत, अनवाणी, शिट्टी गळ्यात. नाटकाकडे माझं लक्षच नव्हतं. मी आपला फटीतून पाहुण्यांचं तोंड वाचत होतो. हसले का? आवडलं का? पान का काढलं? कंटाळले का?

एवढ्यात सुमनबाईंचा आवाज आला, "इतके दिवस कोठं होता रे?"

आणि शांतता.

मी फटीतून बघतोय. पाहुण्यांनी मान वाकडी केली. शांतताच. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. तरी शांतता! मी रंगमंचाकडे पाहिलं, तर गजानन मध्यभागी खांबासारखा उभा, डोळे कुठेतरी लांब लागलेले.

विसरला! पोरगा वाक्य विसरला!

आता तुम्ही म्हणाल, अहो, विराम तुम्हीच दिला होता ना? दिला होता हो! पण त्या क्षणी मला विराम आठवला नाही, शिबिर आठवलं नाही, सर आठवले नाहीत. मला फक्त मोडलेली तिसरी सोयरीक दिसत होती. मी विंगेतून कुजबुजलो, "आई, मी तुरुंगात होतो!" गजानन ढिम्म. मी जोरात म्हणालो. तरी ढिम्म. विंगेकडे बघायचं नाही, असं त्याला सांगून ठेवणारा शहाणा कोण होता?

मग मी ठरवलं. पाटलाच्या घरचा गडी होऊन आत जायचं, त्याच्या कानाशी वाक्य सांगायचं आणि बाहेर यायचं. दोन पावलांचं काम!

मी धावत आत गेलो आणि गजाननच्या शेजारी पोचलो. अगदी त्याच क्षणाला त्याचं आदिलाबाद आलं. त्याने तोंड उघडलं आणि काय खणखणीत आवाजात म्हणाला, "आई, मी तुरुंगात होतो!"

टाळ्या! आणि मी पॅन्ट-शर्टात, अनवाणी, गळ्यात शिट्टी, तुरुंगातून आलेल्या मुलाच्या खांद्याला खांदा लावून उभा!

मी गुपचूप मागे सरकायला लागलो. पण नामदेवकाकांना नियम पाठ होता. जो कोणी समोर येईल, त्याला नाटकात ओढून घ्या! ते गरजले, "अन् हा कोण तुह्यासंगं?"

गजानन क्षणभर गोंधळला. मग म्हणाला, "हा... हा तुरुंगातलाच हाय, बाबा. चोर हाय. याच्याच पायी मी फसलो!"

झालं ना! शेवटच्या अंकातला चोर पहिल्याच अंकात सापडला. तिकडे विंगेत खरा चोर, तोंडाला दुपट्टा गुंडाळून उभा, माझ्याकडे डोळे फाडून बघत होता.

"मी चोर नाही!" मी ओरडलो. "मी दिग्दर्शक आहे!"

"धरल्यावर समदे असंच म्हणतात!" काका म्हणाले, आणि देवळापुढचा सगळा मांडव हसायला लागला.

"नाटक थांबवा! पडदा पाडा!"

पडद्याच्या दोरीवर किसन बसला होता. त्याने मोठ्या विश्वासाने माझ्याकडे पाहिलं आणि बोटाने स्वतःच्या ओठांकडे खूण केली. शिट्टी कुठे आहे?

शिट्टी वाजवायला हात वर केला, तेवढ्यात काकांनी हुकूम सोडला, "बांधा याले खांबाले!"

दोन गडी पुढे आले. आणि इथे त्यांची खरी पंचाईत झाली! जावयाला हात कसा लावायचा? एकाने आधी वाकून माझ्या पायांना हात लावला, मग दंड धरला. दुसरा दोरी गुंडाळता गुंडाळता कानाशी म्हणतोय, "माफ करा, जवाईबापू. कचून तं नाई राह्यली? ढिली करू काय?"

"सोड रे मला!"

"तसं नाई करता येत. तुमीच म्हटलं होतं, थांबायचं नाई."

मग लोकांना ऐकू जाईल असं "चूप, चोरट्या!" म्हणून तो ओरडला, आणि लगेच हळूच, "तुमाले नाई म्हटलं बरं."

पहिल्या रांगेत सासूबाई ताडकन उठल्या. जावई खांबाला बांधलेला कुठल्या सासूला बघवेल? पण रेखाने त्यांना पदर ओढून खाली बसवलं. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यानंतर मी सुटायची धडपडच सोडून दिली. आता बाहेर काय ठेवलं होतं? खांबच बरा!

पुढचे सगळे अंक मी तिथेच होतो. सुमनबाई येता जाता पदराआडून मला पाणी पाजत होत्या. पात्रं मला शिव्या घालत होती आणि पाठ फिरवली की हात जोडत होती. मी मान खाली घालून एकच विचार करत होतो, गजाननचं काय होणार? मेहुण्याचा संसार सुरू व्हायच्या आधी आपण बुडवला! शेवटी खरा चोर बिचारा आत आला, "चोर मी हाय, या गरिबाले सोडा!" म्हणाला आणि मी मोकळा झालो. मोकळा झाल्या झाल्या आधी शिट्टी फुंकली. पडदा पडला.

आत आल्यावर मी गजाननला धरलं. "अरे, एवढा वेळ? आदिलाबाद किती लांब आहे?"

तो लाजला. "भाऊजी, आज थांबलोच नाई तेथं. समोर ते बसले होते ना... मी तसाच पुढं नेरडीगोंड्यावरून भैंशाले जाऊन आलो."

मी कपाळावर हात मारून घेतला. तेवढ्यात पडदा बाजूला झाला आणि भैंशाचे पाहुणे आत आले. मागे सासरे, सासूबाई, रेखा. सगळ्यांचे चेहरे उतरलेले. मी चोराच्या मागे लपलो.

पाहुण्यांनी गजाननला वरून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाले, "पोट्टा भारी हाय तुमचा! काय गप्प राह्यते हो! आमची पोरगी बोलाले बसली तं थांबत नाई. तिले असाच ऐकून घेणारा पायजे होता. माह्याकडून पक्कं समजा."

काय सांगू तुम्हाला! सासूबाईंनी देवळाकडे बघून हात जोडले, सासरे डोळे पुसायला लागले, गजाननला तर खाली बसायला जागा सापडेना. माझ्या छातीवरचा धोंडा असा धाडकन खाली पडला की मी लपायचं विसरून पुढे येऊन उभा राहिलो.

पाहुण्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "अन् हा! हा तं कमाल हाय! बावळट माणूस असा हुबेहूब म्या कोठी पाह्यला नाई. कोठून आणला याले?"

मी डोळ्यांनी सासऱ्यांना विनवत होतो, नाही म्हणा, मामाजी, बाहेरचा आहे म्हणा! पण आमचे सासरे सरळ माणूस. मान ताठ करून म्हणाले, "तो आमचा थोरला जवाई."

पाहुण्यांनी माझ्याकडे बघितलं, गळ्यातल्या शिट्टीकडे बघितलं, दोरीच्या वळांकडे बघितलं. मला वाटलं, आता मोडली!

मग त्यांनी सासऱ्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि अगदी मनापासून म्हणाले, "मंग तं माही सगळी चिंताच मिटली. ज्या घरानं हे सांभाळलं, ते माह्या पोरीले सहज सांभाळन!"